मोत्या गेला, राजा वाचला

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी मुलगी शाळेतून येताना कुत्र्याची दोन पिल्ले ओढणीत गुंडाळून घेऊन आली. एका बंद दुकानाच्या पायरीखाली भिजत बसली होती म्हणे. आमच्या सोनपेठच्या घरात माणसे सात आणि खोल्या दोन. मी रागावलो. पण आई म्हणाली, "असू दे की रे लेकरा, तुकडा तुकडा खाऊन जगतील." आईपुढे माझे काही चालत नाही. एकाचे नाव मोत्या ठेवले, दुसऱ्याचे राजा.

मोत्याच्या बरगड्या दिसत, पण पोट मडक्यासारखे गोल. येणारे-जाणारे म्हणायचे, "चांगलं बाळसं धरलंय." मलाही तसेच वाटले. पुढे त्याचे केस राठ झाले, शी पातळ होऊ लागली. एका सकाळी तो ओकला, तर त्यात शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते. आईने तंबाखूचे पाणी पाजायला सांगितले. शेजाऱ्यांनी लसूण सांगितला. मी घरातल्या जंताच्या गोळीचा तुकडा मोडून गुळातून दिला. पत्नी म्हणाली, "अहो, एकदा ढोरांच्या दवाखान्यात तरी नेऊन आणा." मी म्हणालो, "कचेरीत ऑडिट चालू आहे, सोमवारी बघू." सोमवार उजाडायच्या आत मोत्या गेला. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग राजाला पिशवीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात लहान मूल आहे का?" माझ्या भावाचा दीड वर्षाचा मुलगा त्याच अंगणात खेळत होता. हाताला येईल ती माती तोंडात घालत होता. माझ्या अंगावर काटा आला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. पिल्लाच्या पोटात जंत होतात ते घाणीत लोळल्यानेच असे नाही. आईच्या शरीरात दडून बसलेल्या अळ्या गर्भात असतानाच पिल्लात उतरतात, काही दुधातूनही जातात. म्हणून जन्मलेल्या बहुतेक पिल्लांत जंत आहेत असेच धरून चालावे. या गोल जंताला टॉक्सोकारा म्हणतात. त्याची अंडी शीतून बाहेर पडतात. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, ती मातीत पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. पण एकदा पिकली की महिनोन्‌महिने मातीत जिवंत राहतात. ती मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात, कधी डोळ्यातही जातात. डोळ्यात गेल्या तर नजर अधू होऊ शकते.

दुसरा अंकुशकृमी. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, शी काळी झाली, तर एक दिवसही थांबू नये. त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरून माणसालाही खाज आणतात. तिसरा चपटा जंत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की तो ओळखावा. तो पिसवांमुळे होतो, म्हणून पिसवा घालवल्याशिवाय तो पुन्हा पुन्हा येतो. याच जातीचा एक बारीक जंत शेळ्या-मेंढ्यांची कच्ची आतडी-काळीज खाणाऱ्या कुत्र्यात होतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात पाण्याच्या गाठी वाढतात. म्हणून मटणाच्या दुकानातले टाकाऊ कुत्र्यापुढे फेकू नये.

राजाचे वजन रद्दीवाल्याच्या काट्यावर करून आणले, कारण औषधाचे माप वजनावर असते. माणसांची गोळी अंदाजाने देणे चूक, लसूण तर कुत्र्याला अपायकारकच. औषध दिल्यावर एक-दोन दिवस शीतून जंत पडले. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे घाबरलो नाही. एका डोसाने काम संपत नाही, कारण शरीरात फिरणाऱ्या अळ्या त्याने मरत नाहीत, त्या मोठ्या झाल्या की पुन्हा औषध लागते. पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून दर पंधरा दिवसांनी आठ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे दर तीन महिन्यांनी औषध द्यावे. गाभण कुत्रीलाही डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. आजार बळावला असता तर राजाला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले असते.

मी बी.कॉम. झालेला कारकून. दुसऱ्यांचा जमाखर्च बिनचूक ठेवतो, पण घरातल्या मुक्या जिवाचा हिशेब ठेवला नव्हता. आता एक वही केली आहे. तारीख, वजन, औषध, पुढची तारीख. नोंदी मुलगीच करते. रेबीजच्या लसीचे पान वेगळे आहे, कारण जंताचे औषध म्हणजे रेबीजची लस नव्हे. भावाच्या मुलाला डॉक्टरांना दाखवले, तो ठणठणीत आहे.

आमच्या गल्लीत मी एक सवय लावायचा प्रयत्न करतो आहे. कुत्र्याची शी रोजच्या रोज फावड्याने उचलून खोल पुरायची. फिनाईल शिंपडून ती अंडी मरत नाहीत, उचलणे हाच उपाय. लेकरांचे हात जेवणाआधी साबणाने धुवायचे, पायात चप्पल घालायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी फुकट मिळते. ती मुलांना जरूर द्या, पण ती माणसांच्या जंतांसाठी आहे. कुत्र्यासाठी वेगळे औषध दवाखान्यातूनच आणा.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात पैसा कमी असतो हे मला माहीत आहे. पण राजाच्या औषधाला जो खर्च आला, तो माझ्या आठवड्याच्या चहापेक्षा जास्त नव्हता. मोत्याच्या वेळी पैसा नव्हे, माझी सवड आडवी आली. तुमच्या दारात पिल्लू असेल आणि त्याचे पोट गोल दिसत असेल, तर सोमवारची वाट पाहू नका.