एक ओरखडा

नव्याचे नऊ दिवस असें म्हणतात. परंतु आमच्या मोटारीच्या वांट्यास तेही पुरे आले नाहींत. दारांत तिची पूजा झाली, चाकांखालीं लिंबें चिरडलीं गेलीं, बोळांत पेढे वांटून झाले. आणि आठव्या दिवशीं सकाळीं तिच्या पांढऱ्या शुभ्र मागील बंपरवर वीतभर लांबीचा निळा ओरखडा आम्हांस दिसला.

आम्ही पुण्याच्या सदाशिव पेठेंत राहतों. जुना वाडा पाडून त्या जागीं आमची इमारत उभी राहिली. बिऱ्हाडें चौदा आणि खालीं जागा सहा मोटारींची. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हां आमच्या नांवें रस्ता निघाला. रस्त्यावरही सम तारखेस एक बाजू आणि विषम तारखेस दुसरी, असा नियम. त्यामुळें तिथिवार पाहणाऱ्या आमच्या घरांत तारखेलाही मान मिळूं लागला. परंतु आम्हीं तारीख सांभाळली, म्हणून पुढचा मनुष्य आपली मोटार सांभाळून लावतो असें थोडेंच आहे!

पूर्वींच्या अँबॅसडर किंवा पद्मिनी गाड्यांचे बंपर पोलादी असत. धक्का लागला तर फडक्यानें पुसावें आणि पुढें जावें. आजचा बंपर म्हणजे बाहेरून रंगविलेलें प्लॅस्टिकचें आवरण. धक्का सोसण्याचें खरें काम त्याच्या आंतील मऊ थर आणि त्यामागचा आडवा दांडा करतात. आवरण दबून पुन्हां पूर्ववत् होतें, पण रंग होत नाहीं. विम्याकडे जावें तर साध्या पॉलिसींत प्लॅस्टिकच्या भागाची निम्मी किंमत घसाऱ्यापोटीं वजा होते. शिवाय एकदां दावा केला कीं, पहिलें वर्ष निर्वेध गेल्यावर हप्त्यांत मिळणारी २० टक्के सूटही हातची जाते. तात्पर्य, ओरखडा आमच्याच पदरीं राहिला.

त्याबरोबर संशयही राहिला. बोळांत निळ्या मोटारी तीन. त्यांतली एक शेजारच्या निवृत्त शिक्षकांची. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते. त्यांची नजर अलीकडे अधू झाली होती. एवढ्या पुराव्यावर आम्हीं मनांतल्या मनांत निकाल दिला आणि रोजचा नमस्कार बंद केला. त्यांना कारण कळलें नसावें; तें आम्हीं कळूंही दिलें नाहीं.

पुढें आम्हीं मोटारीस मागें-पुढें लोखंडी नळ्यांचे गार्ड बसवून घेतले. आतां या, म्हणावें! परंतु मोटार कोणी आली नाहीं. आला तो गुरुजींचा सात वर्षांचा नातू. चेंडूमागें धांवतांना त्याचा गुडघा त्या नळीच्या टोकावर आपटला आणि भळभळां रक्त आलें. आम्ही खालीं धांवलों. गुरुजी फडकें बांधीत होते. आम्हांस पाहून ते एवढेंच म्हणाले, "पोरानें बघून धांवायला हवें होतें." तीं दोन टाकें पडलेलीं पाहिलीं आणि त्याच संध्याकाळीं आम्हीं गार्ड काढून टाकले. असे गार्ड १९८८ च्या मोटार वाहन कायद्याविरुद्ध आहेत, असें केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांतच राज्यांना कळविलें होतें, हें आम्हीं मागाहून वाचलें. पादचाऱ्यास त्यांपासून अधिक इजा होते आणि टक्कर झाल्यास एअरबॅगच्या कामांतही त्यांची अडचण होऊं शकते. बंपर वांचविण्यासाठीं आम्हीं माणसें धोक्यांत घातलीं होतीं.

येथवर आम्ही फिर्यादी होतों. गेल्या पावसाळ्यांत आमची जागा बदलली.

लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका बोळांत मोटार मागें घेत होतों. मागचा अडथळा सांगणारें यंत्र ओरडत होतें. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना तें सक्तीचेंच झालें आहे. परंतु पावसाची आणि मागें बसलेल्या मुलांची गडबड अशी कीं, आमचें लक्ष नव्हतें. 'कट्' असा बारीक आवाज झाला. उतरून पाहिलें, तों मागच्या मोटारीच्या बंपरवर बोटभर रेघ. बोळांत चिटपाखरूं नव्हतें. आम्ही अर्धा मिनिट भिजत उभे राहिलों आणि मग मोटारींत बसून घरीं आलों.

जेवतांना आमच्या सौभाग्यवतींनीं सहज विचारलें, "चिठ्ठी ठेवलीत ना हो?"

आम्हांस घांस गिळवेना. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागें नांव आणि फोन नंबर लिहिला, तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घातला, छत्री घेतली आणि पायीं तेथें गेलों. मोटार नुकतीच निघून गेली होती. ओल्या रस्त्यावर तेवढाच एक कोरडा चौकोन राहिला होता आणि तोही हळूहळू भिजत होता.

तेव्हांपासून आमच्या मोटारींत एक वही आणि पेन्सिल असते. मोटार लावतांना मागें-पुढें दोन हात जागा आम्ही सोडतों. न मिळाली तर दूर लावून चालत येतों. बंपरच्या रक्षणाचा याहून खात्रीचा उपाय आम्हांस सांपडलेला नाहीं. आमचा निळा ओरखडा आम्हीं अद्याप रंगविलेला नाहीं. या शहरांत कोण्या एका घरीं कोणी अनोळखी मनुष्य आम्हांस रोज दोन शब्द ऐकवीत असेल, आणि ते आम्हांस लागू आहेत.

दुसरे दिवशीं सकाळीं गुरुजी दूध घेऊन येत होते. आम्हीं जिना उतरून जाऊन त्यांना नमस्कार केला. "बरेच दिवसांनीं!" ते म्हणाले. आम्हीं त्यांच्या हातांतली पिशवी घेतली आणि त्यांच्या दारापर्यंत बरोबर गेलों.