इरकलीच्या अस्तराचा कोट

क्राकूव, सोमवार

ती. मावशी,


कोट एकदाचा अंगावर आला! बाटलीहिरवा, जाड लोकरीचा, पोटरीपर्यंत लांब. यंदा इथं असेच कोट दिसतात. एक सांगते, रागावू नकोस. तू दिलेली इरकल मधोमध विरली होती. पदर मात्र जसाच्या तसा. तो मी बाह्यांच्या अस्तराला दिला. इथल्या शिंपीणबाईंनी तो कितीतरी वेळ बोटांत धरून पाहिला. रेशमामुळं हात सुळकन आत जातो, आणि बाही जरा दुमडली की मनगटाशी टोपपदराचे लाल-पांढरे पट्टे दिसतात.

काल तो घालून रिनेकमध्ये गेले. इथला मोठा चौक, 1257 साली आखलेला, प्रत्येक बाजू जवळजवळ दोनशे मीटर. गेले दोन हिवाळे मी फुगीर जाकिटात मान खाली घालून तो ओलांडला, नुसता रस्ता म्हणून. काल मात्र रमतगमत फिरले. मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तातारांचा बाण वाजवणाऱ्याच्या गळ्यात घुसला, अशी दंतकथा आहे. मी वर बघत उभी राहिले, थंडी विसरून.

चौकाच्या मधोमध सुक्येन्नित्से आहे. म्हणजे कापडपेठच. ‘सुक्नो’ म्हणजे लोकरीचं कापड, त्यावरून हे नाव. बायकांच्या झग्यालाही त्याच शब्दावरून ‘सुक्येन्का’ म्हणतात. 1555 च्या आगीत ही कापडपेठ जळाली आणि नव्यानं बांधली गेली. कापड मोजायचं जुनं माप काय होतं सांगू? ‘वोक्येच’, म्हणजे कोपर! मला तू दिसलीस, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत खण मोजणारी, ओठांत टाचण्या धरून ‘तीन हात नि चार बोटं’ म्हणणारी. आता तिथं अंबराचे दागिने, लाकडी खेळणी असलं काहीबाही मिळतं. कापडपेठेत वारभर कापड मिळू नये, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पण चौक कशासाठी असतो ते मला काल कळलं. चांगलं कापड चारचौघांत न्यायचं असतं गं. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना या चौकाला हिटलरचं नाव दिलं होतं. कवी मित्स्केविचचा पुतळा 1940 मध्ये पाडला होता. तो 1955 मध्ये पुन्हा उभा राहिला. आता लोक त्याच्याच पायरीवर एकमेकांची वाट बघतात, ठेवणीतले कपडे घालून.

तिथं बसल्यावर आजी आठवली. वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पातल्या पोलिश बायकांबद्दल ती सांगायची ते. 1943 ते 1948, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका-मुलंच. सैबेरियातून इराणमार्गे आपल्या कोल्हापुरात आलेली. ‘फाटकं नेसतील, पण इस्त्रीचं,’ असं आजी म्हणायची. तिचं ते कौतुक मला इतक्या वर्षांनी उमगलं. मी बाहीची दुमड आणखी बोटभर वर केली.

आजीची गर्भरेशमी इरकल अजून ट्रंकेतच आहे ना? डांबरगोळ्यांतून काढ, दोन दिवस सावलीत वाळव आणि येत्या शुक्रवारी अंबाबाईला जाताना नेस. फोटो पाठव. पदराचा जवळून.

तुझी,
भाची