मानेला झटका

विरार लोकलच्या लेडीज डब्यात दुखण्यावर सल्ला मागावा लागत नाही. माझी मान धरली आहे हे कळताच एकीने रील लावून मोबाइल पुढे केला. टेबलावर झोपलेला माणूस, मान वळवताच कडकन आवाज आणि उठल्यावर चेहऱ्यावर हसू. "ताई, एकदा मोकळी करून घ्या, गोळ्या सुटतील." वसईत हाडवैद्यांची परंपरा जुनी आहे. मुरगळलेला पाय त्यांच्याकडे न्यायचा, हे आमच्या घरातही ठरलेलंच. तेव्हा घरच्यांचंही मत पडलं, मणका बसवून घे.

मी आधी माणिकपूरच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. मानेला हात लावायच्या आधी त्यांनी प्रश्नच फार विचारले. चक्कर येते का? एकाचे दोन दिसतात का? गिळताना त्रास होतो का, बोलताना जीभ जड होते का? ब्लाउजचे हूक लावताना बोटं अडखळतात का? या शेवटच्या प्रश्नाला मी चमकले. अडखळत होती खरी. मग त्यांनी माझं मधलं बोट धरून नखावर टिचकी मारली. माझा अंगठा आपसूक आत वळला. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं तर तोल जायला लागला.

"तुमच्या मानेला मी झटका देणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणालाही देऊ देऊ नका. आधी एमआरआय."

एमआरआयमध्ये दिसलं, की मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर दाब देत होती. अशी मान पिळली असती तर हातपाय कायमचे लुळे पडू शकले असते, असं सर्जननी फिल्म दाखवून समजावलं.

दुसरा धोका धमन्यांचा. मानेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून एकेक धमनी मेंदूच्या मागच्या भागाकडे जाते. जोराच्या झटक्याने तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येतो. हे क्वचितच घडतं. कॅनडातल्या ओंटारियोमधला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अशा पक्षाघाताचा कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्याकडे, जाण्याशी जसा संबंध दिसला, तसाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. संशोधकांनी अर्थ लावला, की धमनी बहुधा आधीच फाटलेली असते आणि त्याच दुखण्यापायी रुग्ण तिथे पोचतो. मला यातून दिलासा मिळत नाही. नुसती आखडलेली वाटणारी मान आतून फाटलेली असेल, तर ती पिळणाऱ्याला हे कळायला नको? रीलमध्ये कुणी काही विचारताना दिसतच नाही.

ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने झालं. हूक आता लागतात, डाव्या करंगळीजवळ थोडी बधिरता राहिली आहे. माझ्या भावाला नालासोपाऱ्यात दाढीनंतर मान मोडून घ्यायची सवय. मी त्याच्याबरोबर सलूनमध्ये गेले आणि दाढी करणाऱ्यांना सांगितलं, "दादा, डोकं दाबा, खांदे चेपा, पण मानेला झटका नको. कुणाच्याच." त्यांनी कारण विचारलं. मी मोबाइलवर माझा एमआरआय उघडून दाखवला.