आई, सासूबाई आणि समुद्र

गुरुवार, 2 जानेवारी. सांगली

मुंबई–लक्षद्वीप–मुंबईचं बुकिंग आज पक्कं झालं. एकवीसला संध्याकाळी जहाज सुटणार, पंचवीसला सकाळी परत. आम्ही पाचजण: मी, हे, सासूबाई आणि साताऱ्याहून दादा नि आई.

आईच्या गुडघ्यांमुळेच ही सहल ठरली. बसच्या सहलीत रोज पहाटे बॅग भरा, रोज रात्री नवं हॉटेल, नवा जिना, नवं न्हाणीघर. मागच्या खेपेला तिनं दोन देवळं पायथ्याशी बसून पाहिली. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. खोली तीच राहते, वर-खाली करायला लिफ्ट असते आणि दमलं की दहा मिनिटांत आपल्या पलंगावर पडता येतं.

एजंट वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची बाल्कनीची केबिन घ्या म्हणत होता. दादानं ठाम नकार दिला. लाटांवर जहाजाची दोन्ही टोकं जास्त वर-खाली होतात, मधला भाग कमी, आणि जितकं उंच जावं तितकं डुलणं जास्त. म्हणून खालच्या मजल्यावरच्या, मधोमध आणि लिफ्टजवळच्या केबिन मागितल्या. दोन्ही आयांना मिळून खिडकीची, कारण आतल्या केबिनमध्ये दिवस की रात्र कळत नाही आणि म्हातारी माणसं त्यानं गोंधळतात. तिकिटाच्या दराचा आकडाही बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी धरून लिहून घेतला. या तिन्ही गोष्टी वगळलेला आकडा पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते." त्यांना कोणी काही विचारलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातल्या आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून त्यांना बोटीत उतरवलं होतं. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. तेव्हापासून त्यांनी बोटीचं नाव टाकलं होतं.

रविवार, 12 जानेवारी. सातारा

समजूत घालण्यापेक्षा आधी एकदा बोटीत बसवून बघू, ही दादाची कल्पना. आज सगळे कासवरून बामणोलीला गेलो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरून वासोट्याला, तापोळ्याला लाँच सुटतात. आम्ही नुसती एक फेरी मारली.

काठ उतरायलाच सासूबाईंना वेळ लागला. लाईफ जॅकेट अंगावर चढवल्यावर त्यांनी त्याचा पट्टा हातात धरला तो सोडला नाही. दादानं बकल काढून पुन्हा लावून दाखवलं, पट्टा कुठून ओढला की घट्ट होतो ते दाखवलं. मग त्यांनी स्वतः लावलं. दोनदा. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर विचारलं, "हे पाणी आपल्या कृष्णेला येतं का?"

"धरणातून खाली सोडलेलं येतं. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तुमच्या सांगलीला पोचतं. पण बरंचसं डोंगरातल्या बोगद्यांतून पलीकडं पोफळीला उतरतं. तिथं वीज होते आणि मग वाशिष्ठीतून दाभोळला समुद्रात जातं."

"म्हणजे साताऱ्याचं पाणी समुद्राला पोचलं, आणि आपणच राहिलो," सासूबाई म्हणाल्या. परतताना गाडीत त्यांनी जहाजावर जेवायला काय मिळतं ते विचारलं. येणार, हे कळलं.

सातारा-सांगलीच्या माणसांनी मोठ्या जहाजाआधी ही चाचणी जरूर करावी. भीती किती आहे, गुडघा किती वाकतो आणि कोणाचा हात धरल्यावर चालायला धीर येतो, हे घराजवळच कळतं.

शनिवार, 18 जानेवारी. सांगली

बांधाबांध. देशातल्या देशात सफर असल्यानं पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. पण तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आईच्या तिकिटावर नुसतं पाळण्यातलं नाव पडलं होतं, ते आजच दुरुस्त करून घेतलं. वेब चेक-इन केलं. बॅगांना लावायच्या चिठ्ठ्यांवर केबिन नंबर आहे, त्या छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या.

औषधांचे दोन संच केले, एक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, एक यांच्या. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात देतात आणि त्या केबिनशी यायला काही तास लागतात. बीपीची गोळी त्या बॅगेत अडकली तर दुपार चुकते. बोट लागू नये म्हणून घेतात त्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून आले. झोप आणते, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना जपायचं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

इस्त्री, किटली, काडेपेटी, उदबत्ती घरीच. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. सासूबाईंच्या निरांजनाचा प्रश्न होता. सेलवर चालणारा छोटा दिवा घेतला. संध्याकाळी देवापुढे आणि रात्रभर न्हाणीघराच्या दाराशी. तिथला उंबरा अंधारात दिसत नाही, तेव्हा दिवा दोन्ही कामांचा.

मंगळवार, 21 जानेवारी. जहाजावर

महालक्ष्मी एक्सप्रेससारखी सोय नाही. काल रात्री आम्ही सांगलीला चढलो, मध्यरात्रीनंतर साताऱ्याला दादा आणि आई. सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून बॅलार्ड पिअर दोन किलोमीटरही नाही. मुंबईत उपनगरात कोणाकडे उतरून पुन्हा ट्रॅफिकमधून येण्यापेक्षा हे बरं. स्टेशनजवळ काही तासांपुरती खोली घेऊन अंघोळी उरकल्या.

जहाज म्हणजे कॉर्डेलियाचं एम्प्रेस. 1990 साली फ्रान्समध्ये सें-नाझेरला बांधलेलं, लांबी सुमारे 210 मीटर. 2021 च्या सप्टेंबरपासून ते मुंबईहून सफरी करतंय. आईला आधी सांगितलं होतं म्हणून व्हीलचेअर तयार होती. चालता येत असलं तरी धक्क्यावरच्या रांगांसाठी ती मागावीच. रांगेत उभं राहून सुजलेला गुडघा पुढचे दोन दिवस खातो.

केबिनचं कार्ड मिळालं. तेच दाराची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशाचं पाकीट. गळ्यात अडकवायची दोरी घरून नेली होती, ती कामाला आली.

सुटण्याआधी सगळ्यांना कवायतीला बोलावलं. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की कुठं जमायचं ते प्रत्येक केबिनच्या दारामागं लिहिलेलं असतं. बरेच लोक कंटाळून फोन बघत होते. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा काँकॉर्डिया कलंडली तेव्हा 32 जण गेले. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेण्याचा नियम आला. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेल्या रामदास बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसं बुडाली. मुंबईच्या बंदरातून निघताना तरी हे आठवावं आणि फोन खिशात ठेवावा.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. शेजारच्या एका तरुण मुलीला बकल लागेना, तर सासूबाईंनीच ते लावून दिलं आणि पट्टा कुठून ओढायचा तेही दाखवलं.

बुधवार, 22 जानेवारी. समुद्रात

सकाळी यांना बोट लागली. लोक अशा वेळी केबिनमध्ये जाऊन पडतात आणि त्यानं आणखी मळमळतं, कारण डोळ्याला खोली स्थिर दिसते आणि कानाला हलणं कळत राहतं. यांना मधल्या डेकवर मोकळ्या हवेत आणलं, दूर क्षितिजाकडं बघत बसवलं, कोरडं बिस्किट आणि आलं दिलं. दुपारी जेवले.

मुंबईजवळचं गढूळ पाणी कधीच मागं पडलं. आता रंग शाईसारखा निळा आहे. आई कठड्याशी खुर्ची घेऊन बसली होती. एकदम ओरडली, "चिमण्या!" जहाजाच्या बाजूनं बोटभर लांबीचे उडते मासे पाण्यातून उसळत होते, पंखांसारखे पर ताणून पाण्याला समांतर जात होते आणि पुढच्या लाटेत शिरत होते. दादानं सांगितलं की ते पंख फडफडवत नाहीत, शेपटीच्या फटक्यानं वेग घेऊन तरंगतात. आई दुपारपर्यंत हलली नाही.

आजच्या नोंदी:

फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा. किनाऱ्याची रेंज गेली की जहाजाचं वेगळं नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल जबर येतं. घरी आधीच सांगून ठेवावं की दोन दिवस फोन लागणार नाही.

जेवणाआधी हात साबणानं धुवायचे. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला नीट दाद देत नाही.

कार्यक्रम संपला की लिफ्टपाशी गर्दी उसळते. पाच मिनिटं आधी उठावं किंवा पंधरा मिनिटं बसून राहावं.

उपास, पथ्य आदल्या दिवशी सांगावं. उद्या सासूबाईंचा दत्ताचा गुरुवार. औदुंबरला वर्षानुवर्षं जाणाऱ्या त्या, समुद्रात आहेत म्हणून गुरुवार सोडणार नाहीत. जेवणघरातला वेंगुर्ल्याकडचा मुलगा म्हणाला, "आजी, काळजी करू नका." उकडलेला बटाटा, दही, फळं आणि दूध नक्की झालं.

गुरुवार, 23 जानेवारी. अगत्ती

लक्षद्वीपची बेटं 36, वस्ती त्यांतल्या दहांवर. अगत्तीला प्रवेशाचा परवाना लागतो. तो बुकिंगबरोबर झाला होता. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आणि आत उथळ पाणी, त्यामुळं मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटीनं जातात. सहलीतली सगळ्यात अवघड जागा हीच. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, खाली बोट वर-खाली होत असते आणि मधलं अंतर दर लाटेला बदलतं.

आईनं जायचं नाही हे साताऱ्यातच ठरलं होतं. दादा तिच्याजवळ थांबला. दुर्बीण घरून आणली होती, तिनं बेट वरून पाहिलं.

सासूबाई गेल्या. खलाशानं तळहात धरला नाही, मनगट धरलं, आणि त्यांनाही त्याचं मनगट धरायला सांगितलं. ओला तळहात सुटतो, मनगटाला मनगट सुटत नाही. "बोट वर येऊ दे. मी म्हणेन तेव्हाच पाऊल." बोट आली, गेली, पुन्हा आली. "आता." सासूबाईंनी पाऊल टाकलं, बसल्या आणि लगेच जॅकेटचा पट्टा चाचपून पाहिला. हातात सामान नको, साडीऐवजी सलवार आणि पायात मागं पट्टा असलेली चप्पल, ही तयारी इथं उपयोगी पडली.

आत पाणी इतकं नितळ की तळाची वाळू आणि बोटीची सावली एकदम दिसतात. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले. प्रवाळ उचलायला, तोडायला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. ही बेटंच मुळी त्यावर उभी आहेत. शहाळ्यावर सासूबाईंचा उपास छान निभावला.

रात्री दादा सगळ्यांना डेकच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घेऊन गेला. ध्रुवतारा जेवढ्या अक्षांशावर असावं तेवढे अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची. साताऱ्यात क्षितिजापासून ध्रुवापर्यंत जवळजवळ दोन मुठी, इथं एकच. आईनं स्वतः मोजलं. आपण किती दक्षिणेला आलो ते तिला नकाशाशिवाय कळलं.

शुक्रवार, 24 जानेवारी. समुद्रात

परतीचा दिवस. संध्याकाळी बिल मागवून एकेक ओळ तपासली. शेवटच्या सकाळी बिलाच्या खिडकीशी जत्रा भरते. मोठ्या बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणून उद्याचे कपडे, औषधं, चष्मे, कवळी आणि आधार आधीच बाजूला काढले.

दोघी विहिणी दिवसभर केबिनच्या खिडकीशी होत्या. इतक्या वर्षांत लग्नकार्यं सोडून त्या इतका वेळ एकत्र बसल्या नव्हत्या. आम्हाला कोणी बोलावलं नाही.

रविवार, 26 जानेवारी. सांगली

शेजारच्या भिशीतल्या बायका विचारायला आल्या होत्या. त्यांना सांगितलं तेच लिहून ठेवते.

वयस्कर माणसाला नेणार असाल तर बुफे आणि नाचगाणी यांच्याआधी एक प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागतं, की छोट्या बोटीनं उतरावं लागतं? गोव्यात ते मुरगावच्या धक्क्याला लागतं, माणूस काठी टेकत उतरू शकतो. लक्षद्वीपला तसं नाही. दुसरं, महिना पाहा. जानेवारीत समुद्र शांत असतो. गेली काही वर्षं पावसाळ्यात हे जहाज पश्चिम किनारा सोडून चेन्नईकडं जातंय, ते उगीच नाही. तिसरं, केबिन मधली आणि खालची. बाल्कनीचे पैसे वाचवून खिडकी घ्या.

आणि म्हाताऱ्यांना काय झेपणार, हे आपण घरात बसून ठरवू नये. दोन्ही आया दमल्या असतील असं आम्ही धरून चाललो होतो. साताऱ्याहून आईचा फोन आला: गोव्याची सफर एप्रिलच्या आत करायची, कारण पुढं समुद्र खवळतो. सासूबाईंनी मध्येच फोन घेऊन सांगितलं, गुरुवार धरून चालेल, बटाट्याची सोय होते. दादा तारखा पाहतोय.