ताम्हिणी उतरून म्हसळ्याला

म्हसळ्याला जायचं हे आमच्या घरात दर सुटीला ठरतं आणि दर सुटीला मोडतं. मुलांच्या परीक्षा, यांची रजा, अब्बांची तब्येत, गाडीचं काम. माणहून म्हसळा फार तर सव्वाशे किलोमीटर. सकाळी निघालं तर जोहरला पोहोचतो माणूस. तरी आम्हाला साडेपाच वर्षं लागली.

अब्बा म्हणजे माझे सासरे. मूळचे म्हसळ्याचे, पिंपरीच्या एका कारखान्यात हयात गेली, आता आमच्याबरोबर माणला राहतात. त्यांची थोरली बहीण, आमची फुफी, म्हसळ्यालाच. नवरा वारला, दोन्ही मुलगे आखातात. वडिलांची पोफळीची वाडी तीच सांभाळते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरपासून म्हसळ्यापर्यंत माड-पोफळी काडीसारख्या मोडल्या. फुफीच्या वाडीत मोजून अकरा झाडं उभी राहिली. टाळेबंदीचे दिवस, जाणं शक्य नव्हतं. आठवड्याने फोन लागला तेव्हा अब्बा बोलून गेले, "आता काय उरलंय तिथं? विकून टाकू." फुफीने फोन ठेवला. त्यानंतर ईदला सलाम, रमजानला खुशाली, एवढंच.

या नाताळच्या सुटीत अब्बांनी स्वतःहून म्हटलं, जाऊ या. मुलं नाचली. मला मात्र माहीत होतं की त्यांच्या पिशवीत औषधांच्या डब्याखाली एक लिफाफा आहे. दिवेआगरच्या पर्यटनामुळे त्या रस्त्यावरच्या जागांना भाव आलाय, पुण्याच्या एका दलालाने चांगला आकडा सांगितला होता. आणि खरं सांगायचं तर तो आकडा ऐकून मीसुद्धा मनात फ्लॅटच्या हप्त्यांची वजाबाकी करून बसले होते.

फजरनंतर निघालो. सफरची दुआ धाकटीने मोठ्यांदा म्हटली. माण अजून अंधारात होतं, पण आमच्याकडे अंधार फारसा होत नाही. आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातल्या काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या असतात, मेट्रोचं एक टोक आमच्याच गावात. जिथे आमची सोसायटी आहे तिथे भातखाचरं होती, असं दूधवाले मामा सांगतात. त्यांचीच होती त्यातली काही. घोटावड्याच्या वाटेला लागलो की दहा-पंधरा मिनिटांत हे सगळं मागे पडतं आणि मुळशी तालुका पुन्हा मुळशीसारखा दिसायला लागतो: कापलेल्या भाताची खाचरं, पेंढ्याच्या उडव्या, धुरकट डोंगर.

पौड मागे टाकून धरणाच्या कडेला आलो तेव्हा सूर्य वर येत होता. पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. लोक ताम्हिणीला पावसाळ्यात येतात, धबधब्याखाली भिजतात, दोन-दोन तास गाडीत अडकतात. मी म्हणेन डिसेंबरात या. धबधबे नसतात, पण रस्ता मोकळा आणि रान शांत असतं.

मोठ्याच्या इतिहासाच्या पुस्तकात मुळशी सत्याग्रह आहे. त्याला वाटायचं तो इंग्रजांविरुद्धचा. अब्बांनी गाडी थांबवायला लावली आणि काठावर उभं राहून त्याला सांगितलं. 1921 साली इथल्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे होते, तुरुंगात गेले. धरण व्हायचं ते झालंच. गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. आणि गंमत अशी की हे पाणी पुण्याकडे वाहणाऱ्या मुळेचं, पण ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पाडलं, आणि 1927 पासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. पुढे तेच पाणी कुंडलिकेतून समुद्राला मिळतं. कोलाडला लोक रबरी होड्यांतून उसळत जातात ना, ते याच पाण्यावर.

"म्हणजे गाव इथलं, पाणी तिथलं, वीज तिसरीकडे," मोठा म्हणाला. अब्बा काही बोलले नाहीत. पिशवी मांडीवर ओढून बसले.

धाकटीला मात्र एकच गोष्ट पाहायची होती: शेकरू. आपल्या राज्याचा प्राणी, शाळेच्या वहीत चित्र चिकटवलेला. ताम्हिणीचं रान 2013 मध्ये अभयारण्य झालंय. पुणे आणि रायगड अशा दोन्ही जिल्ह्यांत ते पसरलंय. ताम्हिणी गावाजवळ, जिथे देवराईची जुनी झाडं रस्त्याच्या अंगावर येतात, तिथे आम्ही थांबलो. तासभर काही नाही. चहा संपला, यांची चुळबुळ सुरू झाली. गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी काठीने वर दाखवलं, "त्ये बघा, घर हाय तिचं." उंच फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा. शेकरू एकच घरटं करून भागवत नाही, तीन-चार बांधतं, असं आजोबा म्हणाले. "आपल्यावानी फ्लॅट घ्यून बसत न्हाई." माझ्याकडे बघून म्हणाले असं मला उगाच वाटलं.

मग शेपूट दिसली. आधी नुसती शेपूट, हातभर लांब, झुपकेदार, फांदीखाली लोंबणारी. मग तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पोट. आम्हाला पाहून ते ओरडलं, खडखड असा आवाज, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर असं गेलं की मध्ये हवा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याची वाट वरूनच, फांदीला फांदी लागलेली हवी. मधलं एक झाड तोडलं की त्याचा रस्ता तुटला. धाकटीने वहीत वेळ लिहिली, आठ वाजून चाळीस मिनिटं, आणि खाली लिहिलं, "अल्लाहने हे खूप छान बनवलंय." अब्बा खिडकीतून बघत होते. म्हणाले, आमच्या वाडीत खारी असायच्या, छोट्या, सुपाऱ्या कुरतडायच्या. आपा काठी घेऊन मागे लागायची.

घाट उतरलो तसं कानात दडे बसले आणि हवा बदलली. विळे, निजामपूर, मग माणगावला गोव्याचा महामार्ग. महामार्गाबद्दल न लिहिलेलं बरं. मोर्ब्यापासून पुढे मात्र अब्बा बोलके झाले. हे आमचं गाव, इथे मामूंची सासुरवाडी, या मशिदीच्या विहिरीचं पाणी गोड. पुढच्या एका मशिदीत जोहरला थांबलो. सासरचे कोकणी, म्हणजे शाफई. सफरीत ते जोहर आणि असर एकत्र पढतात. मी सोलापूरची, हनफी, मी असर वेळेवरच पढणार. चौदा वर्षं आमच्यात यावर थट्टा चालते, भांडण कधी झालं नाही.

म्हसळा राजपुरी खाडीच्या टोकाशी वसलेलं. खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा किल्ला, आणि 1948 पर्यंत हा सगळा मुलूख सिद्दी नवाबांच्या संस्थानात. इथली माणसं आधीपासून पाण्यावरची. जहाजांवर गेली, आफ्रिकेत गेली, आता आखातात. गल्लीत सुंदर बंद घरं दिसतात, रंगवलेली, कुलूप लावलेली.

फुफी पडवीत उभी होती. ती बोलते ती कोकणी बोली मला अजून पुरती जमत नाही, म्हणून तिचं बोलणं मी साध्या मराठीत लिहिते. भावाला पाहून ती एवढंच म्हणाली, "आलास? हात धू. भाकऱ्या गार होतायत." तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण, सुक्या बोंबलाची चटणी. जेवताना वादळाचा विषय निघाला नाही, वाडीचा निघाला नाही. माझ्या माहेरच्या आईचे गुडघे कसे आहेत हे तिने तीनदा विचारलं.

असरनंतर तिने आम्हाला वाडीत नेलं. मी मोकळं रान पाहायला मिळेल अशा तयारीने गेले होते. पण वाडी भरलेली होती. पोफळी डोक्याच्या खूप वर गेलेल्या, ओळीत, मधून केळी, मिरवेल चढलेली. वादळानंतर पहिल्याच पावसाळ्यात तिने रोपं लावली, दोन बायका हाताशी धरून. पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षं तरी घेते. यंदा पहिल्यांदा काही झाडांवर शिपुटं धरली होती. हिरवी, अजून बारकी. अब्बांनी एका खोडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

रात्री इशानंतर लिफाफा निघालाच. अब्बांनी आकडा सांगितला, आवाज खाली ठेवून. फुफी उठली, पेटीतून तिचा स्वतःचा कागद घेऊन आली. सातबारा. त्यावर अब्बांचं एकट्याचं नाव. 1980 च्या सुमाराला तिने हक्कसोड पत्रावर अंगठा दिला होता. बहिणी तेव्हा देतच होत्या, आजही देतात.

"तू विक," ती म्हणाली. "तुझा हिस्सा तू विक. दोन तुझे, एक माझा, हे कुराणात आहे, मी नव्याने सांगत नाही. अंगठा दिला तेव्हा मला वाटलं भावाचं घर उघडं राहील. साडेपाच वर्षं तू आला नाहीस. आता माझा एक वाटा मोजून दे. त्यातलं झाड मी कुणाला तोडू देणार नाही."

हे उठून बाहेर गेले. मी भांडी आवरायला घेतली, आवरलेलीच होती ती. हप्त्यांची माझी वजाबाकी तिसऱ्या भागाने चुकली होती, आणि मला ती चूक पुन्हा मांडायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मुलांना चिरगावला नेलं. अब्बा आले नाहीत. चिरगाव म्हसळा तालुक्यातच, आणि तिथल्या उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. एके काळी देशभर आभाळात दिसणारा हा पक्षी वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. कारण सापडलं ते गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधात. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही. चिरगावच्या लोकांनी महाडच्या सीस्केप संस्थेबरोबर ही झाडं आणि घरटी राखली.

आम्ही लांबूनच पाहिलं, घरट्यांच्या मोसमात जवळ जायचं नसतं. आधी झाडावरचा पांढरा सडा दिसला, मग फांदीवर खांदे पाडून बसलेले दोघे. मोठा म्हणाला, कुरूप आहेत. तेवढ्यात एक उठला, आणि पंख उघडल्यावर तो कुरूप राहिला नाही. हवेवर नुसता तरंगत गोल गोल वर गेला, एकदाही पंख न हलवता. सोबत आलेला शेजारचा मुलगा सांगत होता, लहानपणी गावात मेलेलं ढोर टाकलं की अर्ध्या दिवसात हाडं उरायची. ते थांबलं तेव्हा कुत्री वाढली. घाण साफ करणारा आपला कोणी होता, हे तो गेल्यावर कळलं.

तिथून दिवेआगरला मुलांना समुद्र दाखवला. त्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय.

परतलो तेव्हा असर होऊन गेली होती. पडवी रिकामी. वाडीतून आवाज येत होते, भांडणाचे वाटले म्हणून मी घाईने गेले. अब्बा काथ्याची दोरी घेऊन गडग्यापाशी उभे होते, फुफी दुसरं टोक धरून. बहात्तर वर्षांचा भाऊ, शहात्तरची बहीण. विहीर कुणाच्या वाट्यात येते यावर वाद चालला होता. अब्बा म्हणत होते, विहीर तुझ्याकडे. फुफी म्हणत होती, मग तुझी झाडं शिंपणार कशाने? विकलीस तरी घेणारा शिंपेल कशाने?

"विकायचं नंतर बघू," अब्बा म्हणाले. "आधी तुझं नाव लागू दे. दोरी ताण."

तिसऱ्या दिवशी निघालो. तलाठी कार्यालयात काय कागद लागतील त्याची यादी यांच्या खिशात होती, लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलेली. डिकीत नारळ, तांदूळ, सुकट, आणि त्या वासावरून घाटभर मुलांची तक्रार. ताम्हिणीत त्याच झाडाखाली थांबलो, शेकरू दिसलं नाही, घर होतं जागेवर. माणच्या वळणावर आलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती आणि सगळ्या इमारती पेटलेल्या. अब्बांचा फोन वाजला. पोहोचलात का, फुफी विचारत होती, आणि पोफळींना या आठवड्यात एक पाणी जास्त द्यावं लागेल असं सांगत होती.