आधी दोन पाने

लहान मुलांना हाताशी धरून घरी बाग करावी, असा सल्ला ज्या कुणी पहिल्यांदा दिला, त्याच्या घरी एक तर मुले नसावीत किंवा बाग तरी नसावी. या दोन्ही गोष्टी एका परसात नांदवून पाहिलेला माणूस असा सल्ला देण्यापूर्वी निदान एकदा तरी खाकरला असता.

हे बोलण्याचा मला अधिकार आहे. साताऱ्यातल्या आमच्या घरामागे, मोरी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आठ पावले लांब नि चार पावले रुंद अशी जमिनीची एक पट्टी आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मी तिथे हा उद्योग मांडला. मनुष्यबळ दोन : थोरली, वय वर्षे आठ; आणि धाकटा, वय वर्षे पाच. हत्यारे म्हणाल तर एक खुरपे, ढिल्या दांड्याची एक कुदळ, एक घमेले, आणि तळाला खिळ्याने भोके पाडलेला एक डबा. या डब्याला आमच्या घरी 'झारी' असे भारदस्त नाव आहे. पहिल्या रविवारी दोन तासांत आम्ही हातभर जमीन खणली आणि अंघोळी मात्र तीन घातल्या. उरलेला वेळ गांडुळांना नावे ठेवण्यात गेला. नावे ठेवण्यात म्हणजे खरोखरीच नावे देण्यात! त्यांतल्या एका लठ्ठ गांडुळाला धाकट्याने आमच्या दूधवाल्याचे नाव दिले. तो सद्गृहस्थ दारात येऊन उभा राहिला की मला अजून हसू आवरावे लागते.

मुलांचे स्वभाव शाळेच्या पाटीवर कळत नाहीत ते वाफ्यात कळतात. थोरली शिस्तीची. कोणत्या दिवशी काय पेरले ते ती वहीत लिहून ठेवी आणि दोन बियांमधले अंतर चार बोटांनी मोजी. धाकट्याचे तत्त्वज्ञान निराळे. तहानलेल्याला पाणी द्यावे, आणि द्यायचेच तर त्यात हात आखडता घेऊ नये! मिरचीची दोन रोपे त्याच्या मायेत अक्षरशः बुडून गेली. मेथी तेवढी समंजस निघाली. चौथ्या दिवशी तिने माती वर उचलली, आणि महिना व्हायच्या आत ती आमच्या ताटात होती. एरवी मेथी म्हटली की ताटावरून उठणारी ही दोघे त्या दिवशी एकमेकांच्या ताटातल्या काड्या मोजत बसली होती.

मी बालवाडीत शिकवते. शिक्षण माझे दहावीपर्यंतचे. आमच्या घरी वडीलधारी माणसे अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात. त्यापुढे जे काही शिकले ते चार-पाच वर्षांच्या पोरांकडून आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिताना. अठरा वर्षे मी 'बालवाडी' हा शब्द रोज उच्चारते आहे. पण त्यात एक वाडी आहे हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. वाडी म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नारळीपोफळींची, पाटाच्या पाण्याची, ओल्या सावलीची ती वाडी! जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली लहान मुलांच्या शाळेला जे नाव दिले, त्याचा अर्थही 'मुलांची बाग' असाच. आणि ते नुसते नावापुरते नव्हते. त्यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक लहानसा वाफा होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर वाढले. तिथे पाने, फुले, बिया, खडे हीच मुलांची साधने होती. आणि आमच्या बालवाडीचे अंगण? स्वच्छ शहाबादी फरशीचे! एक गवताची काडी उगवेल तर शपथ.

तर शाळेत न जमलेली वाडी घरी करून पाहावी, असे मी सगळ्यांना सांगत होते. पण ते अर्धेच खरे होते.

ते परस खरे म्हणजे मामंजींचे. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतरची वीस वर्षे त्या आठ पावलांत काढली. बी धरावे तर त्यांनीच. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून ते त्यांत बी भरून ठेवीत, आणि वर कागदाची चिठ्ठी डकवीत : भेंडी, दोडका, झेंडू, आणि खाली साल. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात त्या बाटल्यांची रांग असे. गेल्या वर्षी फाल्गुनात ते चार दिवसांच्या दुखण्याने गेले. मुले तेव्हा पंधरा दिवस माझ्या बहिणीकडे होती. ती परत आल्यावर धाकट्याने चपला काढायच्या आधी विचारले, "आजोबा कुठंत?"

"गावाला गेलेत," मी म्हणाले.

हे वाक्य मी आधी ठरवले नव्हते. ते आपोआप आले. आणि एकदा आले म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांना ते सांभाळावे लागले. मामंजींचा फोटो मोठा करून आणला होता. तो कपाटात साड्यांच्या खाली गेला. सासूबाई रडायच्या त्या मोरीचे दार लावून. थोरलीला खरे काय ते ठाऊक होते; ती एकदम शहाण्यासारखी वागू लागली. धाकटा महिना-दीड महिना विचारत राहिला आणि मग विचारायचा थांबला. मी मनाशी म्हटले, विसरला. मुले विसरतात, हे मोठ्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी ठरवून टाकलेले आहे!

आषाढात आम्ही झेंडू पेरायला काढला. आता पेरला तर दसऱ्याच्या तोरणाला घरचीच फुले होतील, हा थोरलीचा हिशेब. तिने मागल्या दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुले जपून ठेवली होती. ती तिने चुरडली आणि त्या काळ्या, पांढऱ्या शेंड्याच्या काड्या तळहातावर घेतल्या. धाकटा मात्र अडून बसला. त्याला आजोबांच्या बाटलीतलीच बी हवी होती.

"अरे, ती जुनी आहे. ताईची घे."

"नको. आजोबा आल्यावर त्यांना त्यांचीच फुलं दाखवायचीत."

मी काही न बोलता फडताळ उघडले. बाटलीवरचे साल चार वर्षांपूर्वीचे होते. झाकण गंजले होते आणि आत काचेला ओल धरली होती. ही बी रुजायची नाही हे मला तेव्हाच दिसत होते. तरी मी बाटली त्याच्या हातात दिली.

सहाव्या दिवशी थोरलीची ओळ उगवली. धाकट्याची ओळ कोरीच. सकाळी उठला की तोंड न धुता तो मागच्या दारी जाई आणि उकिडवा बसे. आपल्या ओळीत बघण्यासारखे काही नसल्यामुळे तो शेजारची ओळ बघे. आठ दिवस गेले, दहा गेले, बारा गेले. "आजोबांची बी आहे ना, हळूहळू येतीय," असे तोच मला समजावू लागला. मामंजी शेवटच्या वर्षात जिना हळूहळू चढत, त्यावरून त्याने हा तर्क काढला असावा.

ते मला सोसवेना. तेराव्या दिवशी शाळेतून येताना मी रोपवाटिकेत गेले आणि झेंडूचे एक वीतभर उंचीचे, चांगले टवटवीत रोप घेतले. रात्री सगळे निजल्यावर बॅटरीच्या उजेडात ते धाकट्याच्या ओळीत लावले. माती सारखी केली, वर थोडा पालापाचोळा पसरला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला एवढी बेमालूम जोडणी जड जायचे कारण नव्हते. हात धुताना मला माझे कौतुकही वाटले.

सकाळी त्याची आरोळी ऐकू येईल म्हणून मी चहाचे आधण ठेवून कान देऊन उभी होते. आरोळी आली नाही. मी बाहेर गेले तर तो नेहमीसारखा उकिडवा बसला होता आणि त्या रोपाकडे, एखाद्या अनोळखी पाहुण्याकडे बघावे तसा बघत होता.

"आई, हे माझं नाही."

"का रे? तुझ्याच ओळीत तर आलंय!"

"आधी दोन पानं येतात. साधी. मग कातरलेली येतात. ह्याला एकदम एवढी कशी आली?"

मी शाळेत 'द्विदल बीज' हा धडा पाठ केला होता. त्यातल्या आकृतीला मला पैकीच्या पैकी गुण होते. पण झेंडूची पहिली दोन पाने साधी आणि मागून येणारी कातरलेली असतात, हे मी डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. त्याने ते बारा दिवस शेजारच्या ओळीत पाहिले होते. थोरलीने माझ्याकडे एकवार पाहिले आणि मग ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली.

"माझी बी मेली का?" त्याने विचारले.

'रुजली नाही' असा एक सोज्वळ शब्दप्रयोग मराठीत आहे. तो माझ्या ओठांपर्यंत आलाही होता.

"हो," मी म्हणाले. "मेली. फार जुनी होती."

त्याने मान हलवली. मग झारी उचलली, खाली ठेवली. आणि माझ्याकडे न बघता विचारले,

"आजोबा पण मेले ना?"

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा सुपातला हात थांबला.

"हो."

"कधी?"

"शिमग्याच्या आधी. तुम्ही मावशीकडे होतात तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

अठरा वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हाच माझा धंदा आहे. या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा आले नाही. तो रडू लागला. सासूबाई सूप बाजूला सारून उठल्या आणि चिखलातच बसकण मारून त्यांनी त्याला जवळ घेतले. मग त्याही रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदाच उघड्यावर, मोठ्याने. थोरली त्यांच्या पाठीला बिलगली. आतून हे दाढीचा साबण तोंडाला तसाच लावून धावत आले आणि दारात उभे राहिले. त्या मुलाला दुःख होऊ नये म्हणून मी एक वाक्य बोलले होते; त्या एका वाक्याने साऱ्या घराचे रडणे मोरीत कोंडून ठेवले होते. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले, तो एकटाच आपल्या परीने वाट बघत बसला होता.

चहाचे आधण आटून गेले. त्या दिवशी सगळ्यांनाच शाळेला आणि कचेरीला उशीर झाला.

संध्याकाळी मी त्याला विचारले, "त्या रोपाचं काय करायचं? काढून टाकू?"

तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "राहू दे. पाहुणं आहे ते."

पाहुण्याला त्याने रोज पाणी घातले, मात्र बेताने. थोरलीने आपल्यातली मूठभर बी त्याला दिली आणि श्रावणात त्याची ओळ पुन्हा पेरून झाली. दसऱ्याला थोरलीची फुले तोरणाला गेली. पाहुण्याला पाच फुले आली होती. सकाळी मी मामंजींचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लावला, आणि ती पाचही फुले धाकट्याने खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने त्या फोटोला वाहिली. त्याच्या ओळीत तोवर नुसती पाने होती. दिवाळी आली नि गेली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्याचे पहिले फूल उमलले, लहानसेच, गर्द केशरी. तो ते कुणाला तोडू देईना. सासूबाईंनी तुळशीसाठी मागितले, तरीही नाही. झाडावरच ते सुकले, काळवंडले. आणि चांगले खडखडीत वाळल्यावर त्याने आजीच्या देखरेखीखाली त्याची बी धरली.

फडताळातली झेंडूची बाटली त्याने रिकामी केली, धुतली आणि दोन दिवस उन्हात पालथी घातली. झाकण नवे बसवले. मग चिठ्ठी लिहायला बसला. तो नुकताच अक्षरे जोडू लागला होता. जीभ दातांत धरून त्याने लिहिले : 'झेडू'. खाली साल घालायला तो विसरला नाही, आजोबा घालत. अनुस्वार राहिला होता. माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला, आणि मग मी तो आवरला. मामंजींच्या भेंडी आणि दोडक्याच्या शेजारी ती बाटली तशीच उभी होती.

यंदा मृगाचा पाऊस झाल्यावर त्याने ती उघडली. सातव्या दिवशी सकाळी मला मागच्या दारातून हाक आली. हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून मी गेले आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसले. आधी मला काही दिसेना. मग त्याने बोट नेऊन दाखवले.

दोन पाने होती. साधी.