सेतूच्या टोकाशी

कोडोलीसारख्या, समुद्रापासून सह्याद्रीच्या रांगेने तोडलेल्या गावात वाढलेल्या माणसाला समुद्र आधी कानांनी भेटतो आणि डोळ्यांनी फार उशिरा. आणि माझ्या कानांवर जो समुद्र प्रथम आला तो घाट उतरून लागणाऱ्या कोकणाचा नव्हे, तर रामेश्वराचा. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूवरची वाळू उत्तरेस नेऊन प्रयागाच्या संगमात सोडायची, तेव्हाच यात्रा पुरी व्हायची, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा दंडक. एकनाथांनी रामेश्वराची ती कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा कीर्तनात ऐकताना श्रोते गाढवासाठी डोळे पुसत. मला मात्र, त्या पाण्याला जेथे पोहोचायचे होते ते भूमीचे शेवटले टोक कसे असेल, याचेच कुतूहल लागून राही.

त्या वाटेला मराठी पाऊल नवे नाही. तंजावरच्या भोसल्यांनी सेतुमार्गावर यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी छत्रे बांधली, अन्नदानासाठी त्यांना उत्पन्ने लावून दिली. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडूस उभारलेले मुक्तांबेच्या नावाचे छत्र त्यांतले विशेष प्रसिद्ध. पायी जाणाऱ्या यात्रेकरूला या छत्रांचा केवढा आधार वाटत असेल, याची कल्पना रामेश्वरपर्यंत आगगाडीत झोपून जाणाऱ्या आपल्याला येणे कठीण.

रामेश्वराच्या बेटाचे आग्नेयेकडील निमुळते शेपूट म्हणजे धनुष्कोडी. एका अंगास बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगास मन्नारचे आखात, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. 1914 मध्ये पांबनचा पूल खुला झाला आणि या पट्टीला भाग्य आले. मद्रासच्या एग्मोर स्थानकातून निघालेली बोट मेल येथवर येई. उतारू धक्क्यावर जाऊन आगबोटीत बसत आणि समोरच्या सिंहलद्वीपात तलैमन्नारला उतरत. त्या रहदारीच्या बळावर येथे रेल्वे स्थानक आले, जकात कचेरी आली, टपालघर, शाळा आणि देऊळ-चर्चही आले. रामायणाने या स्थळाला कीर्ती दिली होती. पोट भरण्याची सोय मात्र रुळांनी केली.

1964 सालच्या 22 डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ या पट्टीवर येऊन कोसळले. आमच्या गावाकडच्या वारणा नदीचा पूर आम्ही पाहिला आहे. तो सांगून येतो, घाटाच्या एकेक पायरीचा हिशेब घेत चढतो, गुरे सोडायला आणि धान्याची पोती माडीवर चढवायला अवधी देतो. येथे मध्यरात्रीच्या काळोखात पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट लाटा उठल्या आणि पांबनहून आलेली 653 क्रमांकाची पॅसेंजर गाडी, स्थानक हाकेच्या अंतरावर आले असता, शंभरावर उतारूंसह समुद्राने गिळली. या वादळाचे एकंदर बळी सुमारे 1800 धरले जातात. वस्ती राहण्यास अयोग्य ठरवणारा मद्रास सरकारचा हुकूम लवकरच निघाला आणि महसुली दप्तरात शोभेल अशा अर्थाने गाव बेचिराख झाले.

आज तेथे जाणाऱ्याला प्रथम दिसतात त्या चर्चच्या भिंती. छप्पर नाही, दारांना चौकटी नाहीत; पण भिंतींचा दगड जवळ जाऊन पाहावा. तो खाणीचा दगड नव्हे, समुद्रातले प्रवाळ आहे. बोट फिरवले की प्रवाळजीव ज्यांत राहत ती बारीक छिद्रे हाताला लागतात, आणि गिलावा गळून गेल्यामुळे भिंत जणू पुन्हा समुद्राच्या मालकीची झाल्यासारखी भासते. थोड्या अंतरावर स्थानकाचे अवशेष उभे आहेत. पर्यटक त्यांच्या पुढ्यात उभे राहून छायाचित्रे काढतात, आणि पलीकडे शंख-शिंपल्यांची दुकाने मांडलेली असतात. (उजाड गावाचे कौतुक उजाड घराच्या मालकाला किती वाटले असते, हा प्रश्न विचारण्याचे ते स्थळ नव्हे.)

मला राहून राहून एका गोष्टीचा विचार पडला. त्याच वादळात मोडलेला पांबनचा पूल ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याने अवघ्या 46 दिवसांत पुन्हा रहदारीस खुला केला. पुढे आमच्या कोकणात रेल्वे आणणारे श्रीधरन ते हेच. म्हणजे रामेश्वराची वाट जोडली गेली. पण त्यापुढची धनुष्कोडीची वाट जोडली गेली नाही, आणि बोटीही मग रामेश्वराहून सुटू लागल्या. वाळूच्या त्या पट्टीवर दुसऱ्यांदा रूळ घालणे शहाणपणाचे ठरले असते असे मी म्हणत नाही. तथापि आमच्या वारणेवर चांदोलीला धरण झाले तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या गावांना निदान सरकारी कागदांवर भांडता तरी आले; येथे आधी लाट आली आणि कागद मागाहून आला, तोही माघारी न येण्याविषयीचा.

कोळ्यांनी तो कागद मानला नाही. झापांच्या झोपड्या बांधून ते येथे राहतात, आणि खाऱ्या पाण्याच्या दोन विस्तारांमध्ये वाळूत हाताने झरा उकरून पिण्याचे गोडे पाणी काढतात. वाळूत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगून राहतो, हे त्यामागचे शास्त्र. परंतु झरा फार खोल नेला की तेच पाणी खारे होते, म्हणून कोठे थांबायचे हे तेथल्या बायकांच्या हातांना ठाऊक असते. पडक्या भिंतींपाशी जमणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक या झऱ्यांकडे वळतात.

तेव्हा रामेश्वराला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना एकच विनंती. 2017 साली अरिचल मुनैपर्यंत पक्की सडक झाल्यापासून गाड्या थेट टोकाला जातात आणि सेतूची वाळू घेऊन तशाच परततात. तसे करू नका. वाटेत गावापाशी उतरा, कोळ्यांच्या वस्तीत दोन घटका घालवा, घ्यायचे ते त्यांच्याच दुकानात घ्या. संध्याकाळच्या आत सर्वांना माघारी फिरावे लागते. म्हणून सकाळीच निघा.